पाहणे आणि पारखणे : जपानी भाषेतील तपासणीचे शब्द



दिवसभराची कामे आटोपून आपण इतक्या संख्येने येथे जमला आहात. आणि विषय तर असा की, कार्यक्रमपत्रिकेवर तो वाचून पुष्कळांनी 'हे आणि काय?' असे मनाशी म्हटले असेल. 'बारकाईने तपासणे' ही कल्पना जपानी भाषेत कशी व्यक्त करतात, याच्याशी आपल्या गावाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आधीच देऊन टाकणे बरे.

तपासणे हे काम आपण सारेच करतो. बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी हलवतो. सोनार सोने कसाला लावतो. घरातली आजी सुपातले तांदूळ बोटाने सारत खडा शोधते. आणि दुसरीकडे, 'चौकशी चालू आहे', 'प्रकरण विचाराधीन आहे', 'बघू, पाहू' ही वाक्ये ऐकण्याचीही आपल्याला सवय आहे. पहिल्या प्रकारात खडा सापडतो; दुसऱ्या प्रकारात बहुधा काहीच सापडत नाही. म्हणजे तपासणीचा शब्द तोच राहूनही त्यातली तपासणी नाहीशी होऊ शकते. हे कसे होते? जपानी भाषेत तपासणीचे शब्द विपुल आहेत आणि त्यांचा इतिहासही पुष्कळसा ठाऊक आहे. त्यामुळे या प्रश्नाचा मागोवा तेथे घेणे सोपे जाते. आजचे व्याख्यान त्यासाठी आहे.

प्रथम त्या भाषेच्या घडणीविषयी दोन शब्द. जपानी भाषेतील शब्दांची तीन कोठारे आपल्याला येथे पाहायची आहेत. पहिले मूळ देशी शब्दांचे. दुसरे चिनी भाषेतून आलेल्या शब्दांचे; मराठीत संस्कृत तत्सम शब्दांना जे स्थान आहे, तेच तेथे या शब्दांना आहे. कचेरी, कायदा, शास्त्र, वर्तमानपत्र येथे त्यांचा संचार. तिसरे कोठार आपल्या 'लुकलुक', 'चुळबुळ' यांसारख्या अनुकरणवाचक जोडशब्दांचे. लेखनात चिनी चिन्हे आणि जपान्यांची स्वतःची अक्षरे अशी दोन्ही वापरतात. त्या अक्षरांचा क्रम ऐकून आपल्याला घरी आल्यासारखे वाटेल : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासाबरोबर जी वर्णमाला नेली, तिची ही छाया आहे. तपासण्याची कल्पना या तिन्ही कोठारांत आहे, आणि प्रत्येकात तिचा स्वभाव निराळा आहे.

सर्वांत साध्या शब्दापासून आरंभ करू. 'मिरु' म्हणजे पाहणे. उच्चार एकच, परंतु लिहिताना चिन्ह बदलले की पाहण्याची जात बदलते. साधे पाहणे लिहिण्याच्या चिन्हात वर डोळा आणि खाली पाय आहेत. वैद्य रोग्याला पाहतो तेव्हा चिन्ह निराळे. त्याच्या डाव्या अंगाला 'बोलणे' या अर्थाचा भाग आहे. रोग्याची शुश्रूषा करणारी परिचारिका पाहते तेव्हा तिसरे चिन्ह. त्यात डोळ्यावर हात ठेवलेला आहे. चिन्हशास्त्री यांच्या उपपत्ती आपल्या परीने देतील. परंतु लिहिणाऱ्याच्या हाताला दर वेळी निवड करावी लागते, की हे पाहणे कोणते? नुसते डोळ्याचे, बोलून विचारण्याचे, की हात लावून करण्याचे?

याच 'मिरु'चा आणखी एक उपयोग ऐकून मराठी माणसाला मौज वाटेल. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन पाहणे'. 'योन्दे मिरु' म्हणजे 'वाचून पाहणे'. 'शिते मिरु' म्हणजे 'करून पाहणे'. इंग्रजीत हे शब्दास शब्द ठेवून म्हणता येत नाही. तेथे 'प्रयत्न करणे' असे म्हणावे लागते. आपण आणि जपानी लोक मात्र कृतीलाच पाहण्याची जोड देतो. सोलापूर-बेळगावकडच्या मंडळींना कानडीतले 'माडि नोडु' आठवेल, तेही तेच. भाषांचा परस्परांशी रक्तसंबंध नसला तरी माणसांचा अनुभव एक असू शकतो, आणि तो अनुभव असा की, काही गोष्टी केल्याशिवाय दिसत नाहीत. हे सूत्र आपण ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आता 'तपासणे' या अर्थाचा रोजच्या वापरातला जपानी शब्द घेऊ : 'शिराबेरु'. शब्दकोशात शब्द पाहणे, गाडीची वेळ पाहणे, अपघाताचे कारण शोधणे, या सर्वांना हाच शब्द. पोलिसांच्या जबानीलाही याचेच एक रूप, 'तोरिशिराबे'. परंतु 'शिराबे' या नामाचा दुसरा अर्थ आहे सूर, संगीताची धून. आणि जुन्या भाषेत हे क्रियापद वाद्य जुळवणे, वाजवणे या अर्थी होते. तंबोरा जुळवणारा गवई काय करतो? तार छेडतो, कान देतो, खुंटी किंचित पिळतो, पुन्हा छेडतो, पुन्हा ऐकतो. घाई चालत नाही, आणि आपल्या मर्जीप्रमाणे 'जुळली' असे ठरवूनही चालत नाही. तारेने होकार द्यावा लागतो. तपासणीची यापेक्षा चांगली व्याख्या आम्हाला सुचत नाही.

दुसरा शब्द 'गिन्मी'. हा चिनी कोठारातला आहे. पहिल्या चिन्हाचा अर्थ कविता म्हणणे, दुसऱ्याचा अर्थ चव. कविता मोठ्याने म्हणून तिची गोडी चाखणे, तिच्या शब्दाशब्दाचा स्वाद घेणे, हा मूळ अर्थ. त्यावरून पुढे 'नीट पारखून घेणे' हा अर्थ आला. आजही जपानी खाणावळवाले अभिमानाने सांगतात की, आमच्या स्वयंपाकातला जिन्नस 'गिन्मी' करून घेतलेला आहे. आपण 'पारखून घेतला' म्हणू तसे; पण या पारखीत जीभ आहे.

कान झाला, जीभ झाली, आता नाक. सुगंधी लाकडाचा धूप जाळून त्याचा गंध ओळखण्याची एक कला जपानात शतकानुशतके चालत आली आहे. त्या कलेत गंध 'घेत' नाहीत, 'ऐकतात'. ऐकण्याचे क्रियापद 'किकु', तेच येथे वापरायचे. तांदळाच्या मद्याची परीक्षा करणे याला 'किकिझाके' म्हणतात. त्यासाठी पांढऱ्या चिनी मातीचा प्याला असतो आणि त्याच्या तळाशी निळी वर्तुळे काढलेली असतात. ती शोभेसाठी नव्हेत. पांढऱ्यावर मद्याचा रंग कळतो, आणि निळ्या कडांवरून ते निवळ आहे की गढूळ हे कळते. परीक्षकाच्या जिभेआधी त्याच्या डोळ्याची सोय भांड्यातच केलेली आहे.

मग राहिला डोळा. पारखी डोळ्याला जपानीत 'मेकिकी' म्हणतात आणि तो डोळा असलेल्या माणसालाही तोच शब्द. तलवारींची पारख हे तेथे फार प्रतिष्ठेचे काम होते. होनामी नावाचे घराणे पिढ्यान्पिढ्या ते करीत आले. तलवार अस्सल आहे, अमक्या कारागिराची आहे, असे ठरले म्हणजे ते घडी घातलेल्या कागदावर दाखला लिहून देत. त्या दाखल्याचे नाव 'ओरिगामी'. होय, आपली मुले कागदाचे पक्षी करतात त्याचेही नाव हेच. 'ओरि' म्हणजे घडी, 'गामी' म्हणजे कागद. त्यावरून आजसुद्धा खात्रीच्या मालाला किंवा खात्रीच्या माणसाला 'ओरिगामीत्सुकी', म्हणजे 'ओरिगामी लागलेला', असे म्हणतात. दाखल्याला किंमत होती, कारण त्यामागे डोळा होता.

आतापर्यंतच्या शब्दांत एक समान गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. प्रत्येक शब्दाच्या मुळाशी शरीराचे एखादे इंद्रिय आणि एखादा धंदा आहे. आपल्याकडेही असेच आहे. 'कसोटी'त सोनाराचा दगड आहे, 'छाननी'त चाळण आहे, 'चाचपणी'त हात आहे. शब्द हातातून जन्मले आहेत.

तपासणीचे आणखी एक अंग असे की, ती 'कशी' केली यावर समाज आपले मत देतो. यासाठी जपानी भाषेचे तिसरे कोठार, जोडशब्दांचे, फार उपयोगी आहे. एखाद्याकडे 'जिरोजिरो' पाहणे म्हणजे असभ्यपणे टक लावून पाहणे. 'माजिमाजि' पाहणे म्हणजे नजर न हलवता थेट पाहणे. 'शिगेशिगे' पाहणे म्हणजे पुन्हा पुन्हा, निरखून पाहणे. पाहणारा तोच, डोळे तेच. पण एका शब्दात निंदा आहे, दुसऱ्यात नाही. वाक्प्रचारांतही हाच निवाडा आहे. 'कुमानाकु' शोधणे म्हणजे एकही कोपरा अंधारात न ठेवता शोधणे, ही स्तुती. 'शिरामित्सुबुशी' म्हणजे उवा मारल्यासारखे एकेक करून शोधणे. काम किळसवाणे, पण चिकाटी मान्य. आणि 'जेवणाच्या डब्याचा कोपरा दातकोरण्याने टोकरणे' ही सरळसरळ निंदा. आपण ज्याला काथ्याकूट किंवा खुसपट काढणे म्हणतो, ते. तपासणी किती करावी याइतकेच ती कशासाठी करावी हेही या लोकांनी भाषेत नोंदवून ठेवले आहे.

याच ओळीत एक शब्द असा येतो की त्याचे मूळ आपल्या देशात आहे. काळजीपूर्वक काम करण्याला जपानीत 'नेन ओ इरेरु' म्हणतात, म्हणजे 'नेन घालणे'. दुकानदार पैसे मोजून पुन्हा एकदा मोजताना 'नेन नो तामे' म्हणतो, म्हणजे 'खात्रीसाठी'. आणि म्हण अशी की, नेन घातल्यावरही पुन्हा नेन घालावे. हा 'नेन' काय आहे? बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर झाले तेव्हा संस्कृत 'स्मृति', पालीतली 'सति', म्हणजे मनाचे जागेपण, यासाठी जे चिन्ह योजले तेच हे. त्याच्या वरच्या भागाचा स्वतंत्र अर्थ 'आता', खालच्या भागाचा 'मन'. भिक्षूच्या ध्यानातला शब्द दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आला आणि तेथे त्याचा अपमान झाला नाही. पैसे दुसऱ्यांदा मोजताना मन जागेवर असावे लागते, हे खरेच आहे.

परंतु आम्ही जर येथेच थांबलो, तर जपानी माणूस म्हणजे केवळ सूर ऐकणारा, गंध ऐकणारा असा एक गोड समज आपण घरी घेऊन जाल. शब्दांचा इतिहास इतका निर्मळ नसतो. ज्या 'गिन्मी'त कवितेची चव होती, तोच शब्द एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत, फौजदारी चौकशीचे नाव झाला. गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या अंमलदाराच्या हुद्द्यातही 'गिन्मी' शब्द असे. त्या व्यवस्थेत शिक्षेसाठी आरोपीचा कबुलीजबाब हा मुख्य आधार होता, आणि कबुलीजबाब मिळेना तर यातना देण्याचीही तरतूद होती. म्हणजे चाखणारा तोच, पण आता त्याला कोणती चव हवी हे आधीच ठरलेले. तार छेडायची, पण तिने अमुकच सूर काढला पाहिजे असा हट्ट धरायचा. अशा तपासणीत तारच तुटते.

दुसरा शब्द 'अरातामेरु'. याचाही अर्थ तपासणे. पण अधिकाराने, उघडून, उलगडून तपासणे. एदोहून क्योतोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हाकोने येथे १६१९ साली एक नाके उभे राहिले. सरदारांच्या बायकामुलांना एदोत ठेवून घ्यायचे, म्हणजे सरदार बंड करणार नाहीत, हे शोगुनांचे धोरण. त्यामुळे एदोतून बाहेर पडणारी प्रत्येक स्त्री संशयित. तिच्याजवळच्या परवान्यात तिचे वर्णन लिहिलेले असे, आणि नाक्यावर त्यासाठीच नेमलेल्या बायका तिचे केस सोडून, अंग चाचपून ते वर्णन जुळते का पाहत. या तपासणीचे नाव 'ओन्ना-आरातामे', स्त्रियांची तपासणी. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात गावोगाव घराघराच्या धर्माची जी तपासणी होई, तिलाही 'आरातामे'च म्हणत. आणि काही ठिकाणी लोकांना ख्रिस्ताच्या वा मेरीच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावून परीक्षा घेत. हाकोनेचे नाके १८६९ साली बंद झाले. बारकाई या नाक्यावर कमी नव्हती. कमी होती ती दुसरी गोष्ट : समोरच्या माणसाविषयीची कणव. 'अरातामेरु'ला आणखी एक अर्थ आहे. तो आम्ही शेवटासाठी राखून ठेवतो.

ही कणव भाषेत दुसरीकडे मात्र जपून ठेवलेली आहे. 'सात्सु' असे एक चिनी चिन्ह आहे. शास्त्रज्ञाच्या निरीक्षणाला 'कान्सात्सु' म्हणतात, वैद्याच्या तपासणीला 'शिन्सात्सु', आणि पोलिसाला 'केइसात्सु'. तिन्हींत तेच चिन्ह. त्याच चिन्हाचे क्रियापद 'सास्सुरु'; त्याचा अर्थ दुसऱ्याच्या मनातले त्याने न सांगता ओळखणे. कोणाच्या घरी दुःख झाले तर भेटायला गेलेला माणूस, 'आपल्या मनाची कल्पना मी करू शकतो' अशा अर्थाने हाच शब्द उच्चारतो. शास्त्रज्ञ, वैद्य, पोलीस आणि समाचाराला आलेला शेजारी, हे चौघे एका चिन्हाखाली उभे आहेत. चौघांनी एकमेकांकडून थोडे थोडे घ्यावे, असे आम्हाला वाटते.

आता एक घटना सांगतो. साल १७७१. एदो शहरातल्या कोझुकाप्पारा या वधभूमीवर देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या शरीराचे विच्छेदन होणार होते. ते पाहायला सुगिता गेन्पाकु, माएनो र्‍योताकु आणि नाकागावा जुन्आन हे वैद्य गेले. गेन्पाकु आणि र्‍योताकु या दोघांजवळ योगायोगाने एकच पुस्तक निघाले : योहान आडाम कुल्मुस या जर्मन वैद्याच्या शरीररचनेवरील ग्रंथाचा डच अनुवाद. डच भाषा गेन्पाकुंना येत नव्हती. र्‍योताकुंना येत होती तीही जेमतेम. पण पुस्तकात चित्रे होती. सुरी चालवणारा एक नव्वद वर्षांचा म्हातारा होता. तो एकेक अवयव दाखवत गेला आणि हे वैद्य समोर धरलेल्या चित्राशी तो ताडून पाहत गेले. चित्र आणि शरीर जुळत होते. परंपरेने शिकवलेली चिनी पुस्तके मात्र जुळत नव्हती. फुप्फुसाच्या पाळ्या, यकृताचे भाग, आतड्यांची जागा, सारेच वेगळे.

या प्रसंगातली खरी गोष्ट पुढेच आहे. सरकारी वैद्यांनी याआधीही सात-आठ वेळा विच्छेदने पाहिली होती. पुस्तकात लिहिले आहे तसे आत दिसत नाही, हेही त्यांना दिसले होते. त्यावरून त्यांनी काय अनुमान काढावे? चिनी माणसाचे आणि इतर लोकांचे शरीर निरनिराळे तर नसेल, अशी शंका त्यांनी घेतली! पुस्तकाविषयी शंका घेतली नाही. डोळे उघडे होते, अंतर दोन हातांचे होते, संधी सात-आठ वेळा मिळाली होती. तरी ते पाहणे तपासणीत बदलले नाही. 'मिरु' झाले, 'शिराबेरु' झाले नाही. तारेने 'मी जुळलेली नाही' असे सांगितले, आणि गवयाने कानच बंद केले.

गेन्पाकु आणि त्यांचे सोबती दुसऱ्याच दिवशी र्‍योताकुंकडे जमले आणि तो ग्रंथ जपानी वाचकांसाठी उतरवू लागले. हाताशी धड शब्दकोश नाही. एका शब्दाचा अर्थ लावताना दिवस सरून जाई. 'मज्जातंतू' या कल्पनेला भाषेत शब्दच नव्हता, तेव्हा त्यांनी 'शिन्केई' हा शब्द घडवला. तो आजही प्रत्येक जपानी माणसाच्या तोंडी आहे. १७७४ साली 'काइताइ शिन्शो' या नावाने ग्रंथ निघाला. त्यावर अनुवादक म्हणून र्‍योताकुंचे नाव नाही. सर्वांत जास्त डच येणारा माणूस तो, आणि त्याचेच नाव नाही. अनुवाद अजून पुरता निर्दोष झालेला नाही असे त्यांना वाटत होते, म्हणून त्यांनी नाव घालू दिले नाही, असे सांगतात. गेन्पाकुंनी उलट धीर केला. चूक राहील म्हणून लोकांना अंधारात ठेवण्यापेक्षा जे कळले ते द्यावे, अशी त्यांची वृत्ती. तपासणीला हे दोन्ही स्वभाव लागतात. एक म्हणतो, अजून पाहू. दुसरा म्हणतो, पाहिले तेवढे आता लोकांसमोर ठेवू. दोघांपैकी एकटाच असता तर ग्रंथ तरी निघाला नसता, नाहीतर तो निघावा असा झाला नसता.

आता आम्ही त्या शब्दाकडे येतो की ज्यामुळे हा विषय निवडला. 'केन्तो' हा चिनी कोठारातला भारदस्त शब्द. अर्थ, सर्व बाजूंनी नीट तपासून विचार करणे. यातल्या दुसऱ्या चिन्हाचा एक अर्थ शत्रूवर चालून जाणे असाही आहे. इतका तो जोरकस. परंतु आज जपानी व्यापाऱ्याने आपला प्रस्ताव ऐकून, नम्रपणे मान लववून, 'केन्तो शिमासु', म्हणजे 'तपासून विचार करतो', असे म्हटले, तर अनुभवी माणूस समजतो की बहुधा नकार मिळाला. 'सकारात्मक दृष्टीने केन्तो करतो' असे म्हटले तरी फारसा फरक पडत नाही. तोंडावर 'नाही' म्हणून समोरच्याला दुखवू नये, ही त्यामागची सभ्यता आहे. ती आम्ही नाकारत नाही. पण सभ्यतेची किंमत शब्दाने चुकवली. २०२१ ते २०२४ या काळात फुमिओ किशिदा हे जपानचे पंतप्रधान होते. ते हा शब्द वारंवार वापरीत, म्हणून लोकांनी त्यांना 'केन्तोशी' हे टोपणनाव दिले. गंमत अशी की, सातव्या ते नवव्या शतकांत चीनच्या थांग दरबारी जे जपानी वकील जात, त्यांनाही 'केन्तोशी'च म्हणत. चिन्हे निराळी, उच्चार एक. ते जुने केन्तोशी वादळी समुद्र ओलांडून जात आणि कित्येक परतही येत नसत. नव्या केन्तोशींना जागचे हलावे लागत नाही, असा त्या विनोदाचा काटा.

जपान्यांची एक म्हण आहे : दगडी पूलसुद्धा ठोकून पाहून मग ओलांडावा. आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. जपानी माणूस तोंड पोळण्याची वाट पाहत नाही, एवढाच फरक. पण याच म्हणीला त्यांनी स्वतःच एक टोमणा जोडला आहे : काही लोक पूल ठोकून पाहतात आणि ओलांडतच नाहीत. 'केन्तो'चे असे झाले. त्यात कान नाही, जीभ नाही, हात नाही. आणि करून पाहणेही नाही. ज्या शब्दातून शरीर निघून गेले, त्याचा उपयोग काम टाळण्यासाठी करणे सोपे झाले.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच देशात, रोज, प्रत्येक आगगाडीत दिसते. गाडी सुटण्यापूर्वी चालक पांढरा हातमोजा घातलेले बोट सिग्नलकडे रोखतो आणि मोठ्याने म्हणतो, 'शुप्पात्सु शिन्को', म्हणजे सुटण्याचा सिग्नल 'जा' असा आहे. डब्यात दुसरा कोणी ऐकायला नसला तरी म्हणतो. नवख्या प्रवाशाला हे पाहून हसू येते. १९९४ साली जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने यावर प्रयोग केला. ठराविक काम नुसते पाहून केले तेव्हा शंभरात २.३८ चुका झाल्या. बोट दाखवून आणि उच्चारून केले तेव्हा ०.३८. म्हणजे सहा चुकांपैकी पाच गेल्या. बोट आणि आवाज यांनी काय केले? भटकणाऱ्या डोळ्याला जागेवर आणले, मन 'आता'मध्ये आणले. ज्या 'नेन'विषयी आम्ही मघाशी बोललो, तो येथे बोटाच्या टोकावर आला. अशा एकेका बिंदूच्या तपासणीसाठी जपानीत 'तेन्केन' हा शब्द आहे. 'केन' हे चिन्ह तेच, जे 'केन्तो'त आहे. एक शब्द कचेरीत बसून पोकळ झाला, दुसरा रुळांवर उभा राहून जिवंत राहिला.

आता राखून ठेवलेली गोष्ट. 'अरातामेरु' म्हणजे तपासणे, हे आम्ही सांगितले. पण जपानी माणसाच्या मनात या शब्दाचा पहिला अर्थ दुसराच येतो : बदलणे, सुधारणे, नवे करणे. आपली चूक सुधारणे हे 'अरातामेरु'. आपले वागणे बदलणे हे 'अरातामेरु'. आणि पैसे मोजून पाहणे, पिशवी उघडून पाहणे, हेही 'अरातामेरु'. रेल्वे स्थानकावर तिकीट तपासण्याच्या फाटकाला 'काइसात्सु' म्हणतात, त्यातला 'काइ' हे याच शब्दाचे चिनी रूप. तपासणे आणि सुधारणे यांना एकच शब्द असणे, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. हाकोनेच्या नाक्यावर या शब्दाचा अर्धाच अर्थ वापरला गेला : इतरांना तपासायचे, स्वतः काही बदलायचे नाही. गेन्पाकुंनी तो पुरा वापरला : शरीर तपासले, आणि आपले शिकलेले ज्ञान बदलले.

तात्पर्य, कोणतीही तपासणी खरी की खोटी हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरे आहेत. तिच्यात कोणाचा हात, कान, डोळा लागला काय? समोरच्या वस्तूला किंवा माणसाला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती काय? आणि तपासल्यानंतर काही बदलले काय? आपल्या गावातल्या पुलाची पाहणी असो, शाळेतल्या मुलाची परीक्षा असो, दवाखान्यातला रोगी असो की वर्षानुवर्षे पडून असलेला एखादा अर्ज असो; हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या प्रत्येकाला आहे. मराठीत शब्दांची उणीव नाही. पारखणे, निरखणे, न्याहाळणे, छानणे, कसाला लावणे, पडताळून पाहणे. हे शब्द आपल्या आयाआज्यांनी आणि कारागिरांनी हाताने घडवून आपल्याला दिले आहेत. त्यांच्या जागी 'विचार चालू आहे' एवढेच वाक्य उरू देऊ नये. उद्या कोणी आपल्याला 'पाहू' म्हणाले, तर आपण नम्रपणे विचारावे, 'केव्हा, आणि कोण पाहणार?' आणि आपणच कोणाला 'पाहू' म्हणालो असू, तर खरोखरच जाऊन पाहावे.